ठकू वारली हो!

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. ज्यांनी मोजायची ते कधीच गेले, आणि आम्हाला शंभराच्या पुढे मोजायची सवय नाही. एवढं मात्र नक्की, की तेव्हा करंजखोलला गाडीरस्ता नव्हता. खोऱ्याच्या तळाला ओढा, ओढ्याच्या दोन्ही अंगांना डोंगर आणि डोंगराच्या उतारांना चिकटलेल्या सात वाड्या. या सातही वाड्या मिळून करंजखोल. दवाखाना गाठायचा तर निसणीची खिंड चढून पलीकडे पेठेत उतरावं लागे. निसणी म्हणजे शिडी, तेव्हा चढ कसा असेल ते तुम्हीच समजा. धडधाकट माणसाला अर्धा दिवस लागे. आजाऱ्याला डोलीतून न्यायचं. डोली म्हणजे एक जाड बांबू आणि त्याला झोळीसारखी बांधलेली घोंगडी. पुढे एक खांदा, मागे एक खांदा, आणि ते दोघं दमले की बदलायला आणखी दोघं. चार माणसं लागायचीच. तिघांना खिंड चढवत नसे.

त्या गावात ठकू राहत होती.

आज गावच्या मदत केंद्राच्या भिंतीवर तिचं चित्र आहे. ते खरं मानू नका. ज्यानं काढलं त्यानं तिला कधी बघितलंच नव्हतं, म्हणून त्यानं देवीसारखा चेहरा काढून दिला, वर कपाळाला चंद्रकोर. ठकू तशी नव्हती. बुटकी, सावळी, वरचे दोन दात पुढे, आणि आवाज असा, की तिनं ओढ्यावरून "कालवण उतू चाललंय" म्हटलं की सातही वाड्यांतल्या बायका आपापल्या चुली बघायला धावत, असं म्हणतात. तिचं घर डोंगराच्या सोंडेवर, वाड्यांपासून सुटं. घरात ती आणि नवरा नथू. मूलबाळ नाही, भावकी नाही.

आता करंजखोलची माणसं वाईट होती असं समजू नका हं. उलट रीतभात पाळण्यात पंचक्रोशीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आणि तिथंच घोडं पेंड खात होतं.

रीत अशी होती. लग्न असो, बारसं असो, घर शाकारायचं असो, घरधन्यानं स्वतः दारोदार जाऊन आवतण द्यायचं. आवतण नसेल तर कुणी पाऊल टाकायचं नाही, मग तो सख्खा चुलता का असेना. पण कुणी मेलं की आवतण नाही. ठकूच्या घराच्या वरच्या अंगाला एक मोठा कातळ आहे, हाकेचा धोंडा म्हणतात त्याला. त्यावर चढून मेलेल्याचं नाव घेऊन तीनदा ओरडायचं, बस्स. हाक कानावर पडली की चुलीवरचं कालवण खाली उतरवायचं, औताचे बैल सोडायचे आणि निघायचं. बांधावरून वैर असलं तरी निघायचं. मयताला बोलवावं लागत नाही, हे करंजखोलात शेंबडं पोरसुद्धा सांगे.

मग आजारपणाचं काय? माणूस जिता आहे, म्हणजे मयत नाही. मयत नाही, म्हणजे आवतण पाहिजे. आणि आजाऱ्याच्या घरानं दारोदार जाऊन "खांदा द्या हो" म्हणायचं? एक तर तो अपशकुन, आणि वर जन्माचा मिंधेपणा! म्हणून कुणी बोलावत नसे, आणि बोलावलं नाही म्हणून कुणी येत नसे. दोन्हीकडची माणसं आपापल्या उंबऱ्यावर रीत धरून बसत, आणि तेवढ्यात आजारी माणूस मरून जाई.

एका वर्षी नथू हिरडे झोडायला झाडावर चढला आणि फांदीसकट खाली आला. खाली दगड होते. कमरेत असं काही मोडलं, की त्याला ना बसता येई ना कूस बदलता येई. ठकूनं हळद लावली, शेक दिला. संध्याकाळपर्यंत त्याचं पोट फुगलं, आणि ठकूला कळून चुकलं की हे आपल्या हळदीचं काम नाही.

"मी खालच्या वाडीत जाते," ती म्हणाली. "चौघांना सांगते. पेठेत नेऊ."

"जायचं न्हाई," नथू म्हणाला. "आजवर कुणापुढं हात पसरला न्हाई आपण."

"अवो, हात कुठं पसरायचाय? खांदाच तर मागायचाय."

"त्येच ते. ठके, माझी आन हाय तुला. बसंल मुरगळा आपोआप."

नवऱ्यानं आण घातली, आणि ठकू बसून राहिली. दुसरा दिवस तसाच गेला. अंगणात उभी राहिली की तिला खालच्या वाडीतले गडी दिसत. तेही माना वर करून तिच्या घराकडेच बघत होते. नथू पडला हे सातही वाड्यांना ठाऊक होतं. ते तिच्याकडे बघत होते, ती त्यांच्याकडे बघत होती. तिनं नुसता हात हलवला असता तरी ते धावले असते. तिनं हलवला नाही, आणि ते धावले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी नथू गेला. मग ठकू हाकेच्या धोंड्यावर चढली आणि त्याचं नाव घेऊन तीनदा ओरडली. समोरच्या डोंगरावरून आवाज परत यायच्या आत माणसं घराबाहेर पडली होती, असं म्हणतात. अंगण भरलं, परडं भरलं, माणसं बांधावर उभी राहिली. कुणी बांबू आणले, कुणी गोवऱ्या, कुणी नवं मडकं. ठकूनं रडायचं सोडून माणसं मोजायला घेतली. सत्तरापर्यंत मोजली आणि थांबली.

"काल चौघं आला असता," ती म्हणाली, "तर आज एवढ्यांना यायची पाळी आली नसती."

गावचे कारभारी हैबतबाबा पुढे आले. म्हातारा कडक होता, पण मनानं वाईट नव्हता. ते हळूच म्हणाले, "पोरी, तू काल बोलावलंस कुठं?"

टोचून बोलायचं म्हणून ते बोलले नव्हते. पण ठकूच्या काळजात तो शब्द रुतला, कारण तो खरा होता. बैल गेला आणि झोपा केला असं आपण म्हणतो, पण ज्याचा बैल जातो त्याच्या मनाचं काय होतं ते त्यालाच माहीत. एक सबंध वर्ष ठकू कुणाशी धड बोलली नाही. नांगरताना, लावणी करताना तिच्या डोक्यात एकच चाले. नथूची आण मोडली असती तर काय झालं असतं? तो रागावला असता. रागवायला जिता तरी राहिला असता.

दुसऱ्या वर्षी, भाताच्या लावण्या उरकल्यावर, हैबतबाबांची धाकटी सून राही बाळंतपणाला अडली. एक दिवस गेला, रात्र गेली. सुईण बाहेर येऊन म्हणाली, "मूल आडवं हाय. माझ्या हातात काय न्हाई. पेठेत न्या, न्हाईतर दोघंबी जातील." राहीचा नवरा दगडू गोठ्यात बैलाच्या मानेला मिठी मारून रडत होता, पण बापापुढे बोलायची त्याची छाती होईना.

कुणीतरी सांगितलं म्हणून ठकू तिथं गेली. न बोलावता गेली, हे लक्षात घ्या. हैबतबाबा ओसरीवर बसले होते.

"बाबा, आवतण धाडा. घरची दोन माणसं पुरणार न्हाईत."

"कारभाऱ्याचं घर आजवर दारोदार गेलं न्हाई," हैबतबाबा म्हणाले. "ऊन कलू दे. बघू."

"ऊन कललं की राहीबी कलंल."

"ठके, तोंड आवर. जा आपल्या घरी."

ठकू गेली. पण घरी नाही गेली. भरदुपारी ती हाकेच्या धोंड्यावर चढली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि सातही वाड्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, "राही वारली हो! हैबतबाबांची सून वारली हो!"

आता बोला! जित्या माणसाच्या नावानं मयताची हाक! असं करंजखोलात कधी झालं नव्हतं. म्हणतात, की राहीनं ती हाक स्वतःच्या कानांनी ऐकली आणि तसल्या कळांतसुद्धा ती आतून ओरडली, "अगं ए भवाने, मी जिती हाय!"

पण तोवर सातही वाड्या घराबाहेर पडल्या होत्या. बघता बघता कारभाऱ्याचं अंगण भरलं. बायका गळा काढतच आल्या आणि दारातच थबकल्या, कारण आतून राहीच्या शिव्या ऐकू येत होत्या. ठकू धोंड्यावरून उतरून तिथं पोचली, तसे हैबतबाबा काठी उगारून तिच्यावर धावले.

"माझ्या जित्या सुनंला मारलीस?"

"मारली म्हणून तर जगंल, बाबा!" ठकू जागची हलली नाही. "बघा, समदं गाव आलंय, आवतणाबिगर. काठी घालायची तर घाला. पण आधी डोली उचला. काठीला उद्याबी येळ हाय, हिला न्हाई."

हैबतबाबांनी अंगणात नजर फिरवली. माणसंच माणसं. कारभाऱ्याच्या घराला तोंड उघडावं लागलं नव्हतं आणि तरी गाव दारात उभं होतं. त्यांची काठी खाली आली. कुणीतरी कुरकुरलं, की बांबू आणलेत ते तिरडीसाठी, त्यांची डोली कशी करायची? ठकू म्हणाली, "तिरडी बांधली न्हाई तवर तो नुसता बांबू." आणि खांद्यावरची घोंगडी काढून स्वतःच बांधायला लागली.

ती डोली कशी गेली म्हणता! चार खांद्यांची गोष्टच सोडा, साठ माणसं निसणीच्या खिंडीत खालपासून वरपर्यंत उभी राहिली आणि डोली या खांद्यावरून त्या खांद्यावर नुसती सरकत गेली. भुईला एकदासुद्धा टेकली नाही. डोलीला पाय फुटले होते, असं म्हणतात. आणि ती पेठेत उतरेपर्यंत सूर्य खिंडीच्या तोंडाशी थांबून होता, असंही म्हणतात. थांबला की नाही, मला ठाऊक नाही. पण अर्ध्या दिवसाची वाट आणि दुपारी निघालेली डोली, ती उजेड असताना दवाखान्याच्या दारात पोचली, हे पेठेतल्या माणसांनी पाहिलं. राहीला मुलगी झाली. दोघी वाचल्या.

तुम्ही म्हणाल, मग गावानं ठकूची ओटी भरली असेल. कसली ओटी नि कसलं काय! पाचव्या दिवशी, राही घरी परतल्यावर, कारभाऱ्याच्या ओसरीवर गावकी बसली, आणि विषय एकच. जित्या माणसाला मेलं म्हटलं, या ठकूला वाळीत टाकायचं की नाही?

ठकू मधे उभी राहिली. म्हणाली, "मेल्याची आवई उठली की माणसाचं आयुष्य वाढतं. ह्ये मी म्हणत न्हाई, तुम्हीच म्हणता. मग राहीचं मी वाढवलं का कमी केलं?"

मागं बसलेल्या म्हाताऱ्या खुदखुदल्या. काही गडीही मिशीत हसले. पण हैबतबाबा हसले नाहीत.

"ठके, तू आमची सून वाचवलीस. मी जन्मात विसरणार न्हाई," ते म्हणाले. "पण पुढचं बोल. उद्या आणखी कुणी अडलं. कुठलं घर आपल्या जित्या माणसाचं नाव त्या धोंड्यावरून घेऊ देईल? विचार समद्यांना."

ठकूनं विचारलं. एकेका वाडीकडे तोंड करून विचारलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. आपल्या लेकराचं, आपल्या धन्याचं नाव मयतात कोण घालील हो? आवई उठली की आयुष्य वाढतं हे बोलायला ठीक, पण पोटचा गोळा पणाला लावून कोण बघतो! खुद्द हैबतबाबांच्या मांडीवर पाच दिवसांची नात होती, आणि तेही काही बोलले नाहीत.

मग ठकू म्हणाली, "माझं घ्या."

"काय?"

"माझं नाव घ्या. कुणी पडलं, कुणी अडलं, तर धोंड्यावर चढायचं आणि म्हणायचं, ठकू वारली हो! मयताला बोलवावं लागत न्हाई ना? मग या समदे. माझ्यामागं रडायला कोण बसलंय? मी रोज मेले तरी चालंल."

"पोरी, स्वतःच्या तोंडानं स्वतःचं मरण मागू नये."

"बाबा," ठकू म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा तो खणखणीत आवाज फुटला, "गेल्या साली मी नथूसाठी हाक मारली न्हाई. माझ्या नावानं तरी ती मारत जावा."

वाळीत टाकायचा विषय तिथंच मोडला. राही बाळंतिणीच्या खोलीतून हे ऐकत होती आणि पदर तोंडात धरून रडत होती.

तेव्हापासून सुरू झालं. वरच्या वाडीत कुणाला साप चावला, ठकू वारली. गवताच्या गंजीला आग लागली, ठकू वारली. आषाढात दरड येऊन तीन घरं गाडली गेली, तेव्हा तर एका दिवसात ठकू चारदा वारली. आणि मजा बघा, मयत ठकूचं म्हटल्यावर माणसं रीतीप्रमाणे धावायची ती ठकूच्याच घराकडे. सोंडेवर पोचावं तर ही बया कमरेला पदर खोचून दारात उभी! "मला काय बघताय? मी हाय जिती. पवाराच्या पोराला फेफरं आलंय, डोली घ्या नि सुटा." मग कुणी डोली तिच्याच अंगणात ठेवायला लागलं. कुणी दोर आणून ठेवला, कुणी कंदील, घागरी, पहारी, कुऱ्हाडी. पुढे अंगणावर छप्पर आलं. गावातल्या सासुरवाशिणी आळीपाळीनं तिथं पाणी भरून ठेवायला लागल्या. आपलं केंद्र म्हणजे तेच. सिमेंट नंतर आलं.

आणि ठकूचं आयुष्य? ते वाढतच गेलं हो! हाकेगणिक वाढलं, असं म्हणतात. हैबतबाबा गेले, त्यांच्या बरोबरीचे सगळे गेले. ठकूच्या पांढऱ्या केसांत पुन्हा काळे केस उगवले, पडलेले पुढचे दोन दात पुन्हा आले आणि तेही तसेच पुढे. यमाचे दूत म्हणे तीनदा येऊन गेले. धोंड्यावरची हाक ऐकून आपलं काम आलं म्हणून धावत यायचे, तर ही चुलीपुढे भाकरी थापत बसलेली. तिसऱ्यांदा तिनं त्यांनाही भाकरी वाढली आणि म्हणाली, "आलाच आहात तर खालच्या वाडीत विहीर उपसायचीय, हात लावा." दूत जे पळाले ते पुन्हा करंजखोलाकडे फिरकले नाहीत. त्या दिवसापासून तिच्या नावाच्या हाकेवर यमाचा विश्वासच उडाला, असं म्हणतात.

ऐकायला गंमत वाटते. पण ज्याचं त्याला ठाऊक. ठकू थकली होती. गुडघे धरले, कान गेले, बरोबरीचं माणूस उरलं नाही. राहीसुद्धा आता नातवंडांची आजी झाली होती. राहीचं वय आणि ठकूचं वय मांडून बघाल तर जुळणार नाही, पण असल्या गोष्टीत वजाबाकी करायची नसते. राही रोज दुपारी सोंडेवर यायची, ठकूच्या केसांना तेल लावायची.

एकदा ठकूनं तिला विचारलं, "राहे, नथू तिकडं म्हातारा झाला असंल का गं? का तेवढाच असंल?"

राही तेलाची वाटी बाजूला ठेवून म्हणाली, "मावशे, हाक बंद करू या का? तुझं नाव घेणं थांबवलं की सुटशील तू."

ठकूनं गुडघे चोळले. मग म्हणाली, "आणि परवा डोलीला चौथा खांदा कमी पडला तर? ही माणसं माझ्या नावानं येत्यात, राहे. मी गेल्यावर येतील का, ते मला ठाऊक न्हाई. पुन्हा उंबऱ्यावर बसली तर? ऱ्हाऊ दे. थकले म्हणून काय झालं."

एवढी एकच धास्ती तिच्या जिवाला होती. मरणाची नव्हती.

पण कितीही केलं तरी माणूसच ते. माघ महिन्यातल्या एका सकाळी राही वर आली, तर ठकू अंगणात मांडीवर सूप घेऊन बसलेली. तांदूळ निवडायला घेतलेले. राहीनं दोन हाका मारल्या. ऐकू येत नाही म्हणून जवळ जाऊन खांद्याला हात लावला. मग तिला कळलं.

राही म्हातारी तशीच हाकेच्या धोंड्यावर चढली. कशी चढली, तिचं तिलाच ठाऊक. आणि ओरडली, "ठकू वारली हो! ठकू वारली हो! ठकू वारली!"

सातही वाड्या धावल्या. पाच-पंचवीस वर्षांची सवय नव्हती ती, जन्माची होती. गडी धावत आले आणि आल्या आल्या दोघांनी डोली खांद्यावर घेतली, एकानं दोर उचलला, बायकांनी घागरी घेतल्या. "कुणाकडं जायचं? कोण पडलं?"

"कुणाकडं न्हाई रं," राही म्हणाली. "हितंच."

"हितं कोण?"

"अरं, मावशीच गेली."

कुणाला काही कळेना. माणसं राहीकडे बघायची, पुन्हा सूप घेऊन बसलेल्या ठकूकडे बघायची. शेवटी राहीचा नवरा दगडू पुढे आला. तोही आता काठी टेकत चालणारा. त्यानं ठकूच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं. त्यानं हात काढला नाही. तसाच हात ठेवून तो म्हणाला, "हाक आलीय ना? मग डोली लावा."

आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण त्यांनी खरंच तिला डोलीत घातलं. दोन घोंगड्या पांघरल्या, डोक्याखाली उशी दिली, आणि निसणीची खिंड चढले. राहीला नेली होती तशीच नेली, या खांद्यावरून त्या खांद्यावर, भुईला न टेकवता. पेठेतला डॉक्टर नवा होता. त्यानं नाडी बघितली, डोळे बघितले आणि दाराबाहेरची ती गर्दी बघून चक्रावलाच.

"अहो, ही सकाळीच गेली आहे. तुम्हाला कुणाला कळलं नाही?"

"कळलं हो," दगडू म्हणाला. "पण आमच्यात आधी आणायची रीत हाय."

डॉक्टरनं घोंगडी पुन्हा नीट पांघरली आणि खिंडीच्या पायथ्यापर्यंत डोलीबरोबर चालत आला, असं म्हणतात.

परत सोंडेवर आल्यावर पुढचं करायला घेतलं. दगडूनं विचारलं, "बांबू कुणी आणलेत? तिरडी बांधायला घ्या." माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. बांबू कुणीच आणले नव्हते. गोवऱ्या आणल्या नव्हत्या, मडकं आणलं नव्हतं. मयताची हाक ऐकून सातही वाड्या आल्या होत्या आणि कुणाच्याही हातात मयताची एक वस्तू नव्हती. होतं ते सगळं जगवायचं सामान. राही तिथंच मातीत बसली आणि हसत हसत रडायला लागली. म्हणाली, "मावशे, बघ गं बघ. उगाच धास्ती घेतलीस." मग सगळं गाव रडलं. गडीसुद्धा तोंड न लपवता रडले. नंतर माणसं बांबू तोडायला गेली.

तेरावा झाल्यावर गावकी बसली. आता हाक कुणाच्या नावानं मारायची? ठकू तर खरीच गेली. राही उठून उभी राहिली, "माझ्या नावानं मारा." दगडू म्हणाला, "तिचं नको, माझं घ्या." ते बघून वरच्या वाडीतली एक नवी नवरी उठली, "माझं घ्या." मग कोण थांबतो! हा म्हणतो माझं, तो म्हणतो माझं. ज्या गावात एकेकाळी सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या, तिथं आपलं मरण पुढे करायला नुसता कालवा उठला. भांडणं व्हायची वेळ आली. शेवटी एक म्हातारा कंटाळून म्हणाला, "ठकूचंच ठेवा बाबांनो. तिला सवय हाय."

तसंच ठेवलं.

आता केंद्राला पक्की इमारत आहे. जीप आहे, प्राणवायूची नळकांडी आहेत, नावनोंदणी केलेली चाळीस पोरंपोरी आहेत. आषाढात दरडी कोसळल्या की आजूबाजूची गावंही इथंच फोन लावतात. इमारतीवर पाटी रंगवताना रंगाऱ्यानं आपल्या सवयीनं "कै. ठकूबाई" लिहिलं होतं. केंद्रात पाणी भरायला आलेल्या बायकांनी त्याला खाली उतरू न देता तेवढं अक्षर पुसायला लावलं. तिचं वर्षश्राद्ध इथं कुणी घालत नाही. सासरी आलेल्या प्रत्येक नवरीला लक्ष्मीपूजनाच्या आधी केंद्रात नेतात आणि डोली कशी बांधायची ते शिकवतात. आणि गरज पडली की भोंग्यावरून हाक येते, फोनवर निरोप जातो, त्यात पत्ता असतो आणि त्याआधी तेच जुने शब्द.

गेल्या साली शाळेवर नव्या बाई आल्या, लांबच्या जिल्ह्यातल्या. महिना झाला नसेल, एका सकाळी भोंगा ओरडला, "ठकू वारली हो!" बाईंना वाटलं, गावातली कुणी म्हातारी गेली. त्यांनी खडू ठेवला, डोक्यावरून पदर घेतला, चेहरा पडेल ठेवून शाळेच्या दारात आल्या. बघतात तर रस्त्यावरून माणसं पळताहेत, कुणाच्या हातात दोर, कुणाच्या हातात घोंगडी, एक बाई तर पिठाच्या हातांनीच. बाईंनी तिला अडवून हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं हो?"

ती बाई थांबली नाही. पळता पळताच मागे वळून ओरडली, "अजून कुणी न्हाई गेलं, बाई! म्हणून तर पळतोय, चला!"